वावरातल्या सीडीचं रेकॉर्डिंग

सीडीची कॉपी एकेचाळीस टक्क्यांवर अडकली होती. तिसऱ्यांदा. ड्राइव्हमधून कर्र-कर्र असा आवाज यायचा, मग कोणी दमून श्वास सोडावा तसा एक लांब सूं, आणि पुन्हा कर्र. माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर जमनाबाई बसल्या होत्या. शेजारी त्यांची नात पूजा उभी होती. दोघींची नजर माझ्याकडे नव्हती, ड्राइव्हकडे होती. आत कोणी आजारी माणूस निजवलाय असं वाटावं.

"होते का, ताई?" पूजाने विचारलं.

"बघू," मी म्हणाले. आमच्या धंद्यात 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा असतो.

मी व्हिडिओ एडिटर आहे. महागावात बसस्टँडजवळ, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. मालक दिलीपभाऊ आणि त्यांचे कॅमेरावाले बाहेर लग्नं शूट करतात. मी आतल्या खोलीत बसून ती जोडते. मूळची मी राळेगावची. लग्न होऊन इकडे आले आणि दुसऱ्यांच्या लग्नांत अडकले ती अडकलेच. प्रत्यक्ष लग्नाला मी सहसा जात नाही, जेवणाच्या रांगेचा कंटाळा येतो. पण आसपासच्या गावांतले चेहरे मला जेवढे पाठ आहेत तेवढे त्यांच्या सोयऱ्यांनाही नसतील. बाजारात एखादी बाई वांगी निवडताना दिसते आणि मला आठवतं, ही मुलावर अक्षता पडताना रडली होती आणि नंतर दोनदा जिलेबी घेतली होती. ती मला ओळखत नाही. मी मान हलवते, तीही गोंधळून हलवते.

खोलीच्या खिडकीला काळा पडदा आहे. दुपारी त्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येते आणि टेबलावरून हळूहळू सरकत जाते. ती कीबोर्डच्या उजव्या टोकाला पोचली की चहाची वेळ झाली. घड्याळ मी बघत नाही.

माऊससुद्धा फारसा धरत नाही. माझं सगळं शॉर्टकटवर चालतं. शॉर्टकट म्हणजे माऊसने बटण शोधत बसण्याऐवजी कीबोर्डवरची एखादी की दाबून तेच काम करणं. व्हिडिओ प्लेअरमध्ये स्पेसबार दाबला की चित्र थांबतं. शिफ्ट धरून डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे, अल्ट धरून दाबला की दहा, कंट्रोल धरून दाबला की एक मिनिट. चौकोनी कंसाची की दाबली की वेग कमी होतो. आणि 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र. अशी पंचवीस चित्रं सरकली की एक सेकंद होतो. हे सगळं बोटांत इतकं मुरलंय की दूध उतू जायला लागलं तर माझा अंगठा ओट्यावर स्पेसबार शोधतो.

'ई' माझी लाडकी. अक्षता हवेत असतात, कोणाच्याच डोक्यावर पडलेल्या नसतात, आणि मी एकेका फ्रेमने त्यांना खाली आणते. कधी काम नसलं तर अर्ध्या वेगाने जुनी लग्नं बघत बसते. त्या वेगात माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसतात आणि सगळीच चांगली वाटतात. रुसलेला मामासुद्धा.

आणखी एक की आहे, 'एम'. म्यूट. विदाईचा भाग आला की माझं पहिलं बोट तिच्यावर जायचं. मुलगी सासरी निघते तेव्हा सगळे एकदम रडतात, माईकचा आवाज फाटतो, मागे जनरेटर धडधडतो आणि कोणीतरी 'गाडी मागे घे' म्हणून ओरडत असतं. म्हणून मूळ आवाज बंद करायचा आणि वरून सिनेमातलं एक दुःखी गाणं टाकायचं. सगळेच स्टुडिओ असं करतात. पार्टीलाही, म्हणजे लग्नघरच्या लोकांनाही, तेच आवडतं. इतकी वर्षं मीही तेच केलं आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

जमनाबाई घेऊन आल्या होत्या ती सीडी चार-पाच महिने वावरात टांगलेली होती. ज्वारी हुरड्याला आली की पाखरं तुटून पडतात. त्यांना हाकलायला लोक जुन्या सीड्या दोऱ्याने खांबाला बांधतात. उन्हात त्या चकाकत फिरतात. पूजाच्या बापाने घरातल्या जुन्या सीड्या गोळा करून अशाच लावून टाकल्या होत्या. पूजा नागपूरला दवाखान्यात नर्स आहे. स्वतःच्या लग्नासाठी सुट्टी घेऊन ती तांड्यावर, म्हणजे आपल्या बंजारा वस्तीवर, आली आणि पेटीत एक सीडी शोधायला लागली. पेटीत ती नव्हती. जमनाबाईंनी वावरात जाऊन एकेका खांबाची सीडी तपासली. एकीवर नवरा-नवरीच्या फोटोचा फिकट ठिपका शिल्लक होता, त्यावरून ती ओळखली.

ते लग्न जमनाबाईंच्या पुतणीचं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. शूटिंग कोण्या हौशी पोराने केलं होतं आणि आळसाने म्हणा की घाईने म्हणा, विदाईवर गाणं टाकायचं राहून गेलं होतं. म्हणून त्यात खरा आवाज होता. त्या आवाजात सोनाबाई ढावलो म्हणत होत्या. सोनाबाई म्हणजे जमनाबाईंची थोरली बहीण. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. सोनाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

ढावलो काय ते मला पूजाने सांगितलं. बंजारा तांड्यात नवरी निघताना एकेका माणसाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, ते ढावलो. बापासाठी वेगळं कडवं, याडीसाठी, म्हणजे आईसाठी वेगळं, भावासाठी वेगळं. नवरीला येत नसेल तर घरातली एखादी जाणती बाई तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या वतीने म्हणते. आधी मुलींना हे घरातच शिकवत. पूजा मात्र लहानपणापासून हॉस्टेलात वाढलेली. गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, तिला कळते, पण ढावलो कोणी शिकवलंच नाही. तांड्यात पूर्ण ढावलो येणाऱ्या सोनाबाई शेवटच्या होत्या. पूजाच्या लग्नाला दहा दिवस उरले होते.

"डीजे हाय, ड्रोन हाय, सगळं हाय," पूजा म्हणाली. "पण निघताना पप्पाच्या गळ्यात पडून मी काय म्हणू? बाय पप्पा?"

मी जमनाबाईंकडे बघितलं. त्या मान हलवत होत्या.

"मले नाही येत, बाई. माह्या लग्नात मी मुकी उभी होती. माह्यावालं बी सोनीनंच म्हणलं."

हे त्यांनी सरळ सांगितलं, आपला रक्तगट सांगावा तसं. घरात त्यांना अजूनही मुकीच म्हणतात, हे पूजाने मला नंतर सांगितलं.

मग जमनाबाईंनी एक साधी गोष्ट विचारली. सोनी तर तांड्यातल्या सगळ्याच लग्नांत म्हणायची, मग दुसऱ्या लग्नांचे व्हिडिओ तुमच्याकडे असतील ना? मला वाटलं, खरंच की. मी हार्डडिस्क लावली. त्या तांड्यातली चार लग्नं सापडली, चारही माझ्याच हातची. प्रत्येकात विदाईला सोनाबाई होत्या. फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, नेसलेल्या, डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात नवरीच्या डोक्यावर. आणि वरून सिनेमातलं गाणं. मूळ शूटिंग जागा करण्यासाठी मी केव्हाच उडवलेलं होतं.

मी दोघींना तसं सांगितलं. जमनाबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "गाणं चांगलं हाय." त्यांना मला बरं वाटावं असंच वाटत होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिलीपभाऊ दारात येऊन उभे होते. माणूस वाईट नाही, पण लग्नसराईत त्यांचं डोकं जागेवर नसतं.

"हे काम कायले घेतलं, वंदनाताई? तीन अल्बम पेंडिंग हायेत. अन् ते चरे पडलेली सीडी आत फुटली तं ड्राइव्ह बी जाईन."

"अर्धा तास द्या, भाऊ," मी म्हणाले. एरवी मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गेले.

कॉपी करणारा प्रोग्राम फार हट्टी असतो. सीडीवरचा एक कण वाचता आला नाही तरी तिथेच अडून बसतो. व्हिडिओ प्लेअर तसा नसतो. अडलं तर थोडा थांबतो, चित्र गोठतं, आवाज जातो, आणि जमेल तिथून तो पुढे निघतो. म्हणून अशा सीडीचं शेवटचं औषध म्हणजे ती प्लेअरमध्ये चालवायची आणि स्क्रीन रेकॉर्डरने टिपून घ्यायची. स्क्रीन रेकॉर्डर म्हणजे पडद्यावर जे दिसतं आणि कॉम्प्युटरमधून जे ऐकू येतं ते तसंच साठवणारा प्रोग्राम. त्याच्या कीज मी माझ्या सोयीने लावून घेतल्यात. एफ नऊ दाबलं की सुरू, एफ दहा दाबलं की बंद.

कंट्रोल आणि उजवा बाण दाबत एकेक मिनिट पुढे गेले. ड्राइव्ह कण्हत होता. मग पडद्यावर विदाई आली आणि मी लगेच स्पेसबार दाबला. सोनाबाई थांबल्या. अशी सीडी किती वेळा चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून एकदाच आणि सलग चालवायचं ठरवलं. खाली ट्रॅक्टर उभा होता, बाहेरच्या खोलीत दिलीपभाऊ फोनवर मोठ्याने बोलत होते. जमनाबाईंना नीट ऐकू यावं म्हणून मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. हेडफोन लावला की स्पीकर बंद होतो. मला ऐकायची गरज नव्हती, मी चित्रावर लक्ष ठेवणार होते. पूजाला बापाचा फोन आला आणि ती जिन्यात गेली.

एफ नऊ. स्पेसबार.

खोलीत अजिबात आवाज नव्हता. पडद्यावर सोनाबाई तोंड उघडून गात होत्या आणि पंखा फिरत होता. उन्हाची पट्टी माझ्या मनगटावर आली होती. मग मागून बारीक गुणगुण ऐकू आली. जमनाबाई. कानांवर हेडफोन असला की आपला आवाज किती मोठा झालाय ते माणसाला कळत नाही. गुणगुणीचे शब्द झाले, शब्दांचं गाणं झालं. मला त्यातलं थोडंच कळत होतं. पण ते रडणं कुठे संपत होतं आणि गाणं कुठे सुरू होत होतं हे मला अजूनही सांगता येणार नाही. मी थांबवलं नाही. मला वाटलं, बहिणीबरोबर म्हणतायत तर म्हणू देत, रेकॉर्डर तर आतला आवाज घेतोय. एक क्षण असं वाटलं की पडद्यावरची बाई माझ्या पाठीमागूनच गातेय. मला माझी आई आठवली, जिच्या आवाजाचं माझ्याकडे काहीच नाही.

मध्येच चित्र गोठलं. वीसेक सेकंद गेले असतील. मी ड्राइव्हच्या दिव्याकडे बघत बसले, दुसरं काहीच सुचत नव्हतं. मग चित्र हललं. ढावलो संपलं, नवरी गाडीत बसली. एफ दहा.

फाइल उघडली, हेडफोनची पिन काढली, स्पीकर लावला. चित्र सोनाबाईंचं होतं. आवाज जमनाबाईंचा.

कळायला दोन सेकंद लागले. आदल्या दिवशी मी ग्राहकांसाठी एक छोटा व्हिडिओ केला होता, अल्बमचे फोटो मोबाइलवर कसे निवडायचे ते स्वतः बोलून सांगणारा. त्यासाठी रेकॉर्डरमध्ये टेबलावरचा माईक चालू केला होता आणि कॉम्प्युटरचा आतला आवाज बंद. ते तसंच राहिलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात फुली मारलेलं स्पीकरचं चिन्ह स्पष्ट दिसत होतं. मी बघितलंच नव्हतं. न बघता कीज दाबता येतात याचा मला केवढा तोरा होता, आणि त्याच तोऱ्याने माती केली.

घाईघाईने सीडी पुन्हा चालवली. ड्राइव्ह फिरला, दोनदा टक टक झालं, आणि डिस्क टाका असा मेसेज आला. सीडी बाहेर काढली तर मधल्या भोकापासून कडेपर्यंत बारीक तडा गेला होता.

पूजा वर आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. माझी चूक आहे, म्हणाले. ती भिंतीला टेकून खालीच बसली. तिने मला एक शब्द सुनावला असता तर बरं वाटलं असतं. जमनाबाईंना आधी काही कळलं नाही. कळल्यावर त्यांनी पदर तोंडाशी नेला, मग खाली घेतला आणि म्हणाल्या, "जे आलं ते तं लाव."

मी लावलं. दुसऱ्याच ओळीला पूजाने मान वर केली.

"दादी, हे तं तू हायेस."

"मी कायले? सोनीच हाय. तोंड पाह्य ना तिचं, हलून राह्यलं."

खरंच, ओठ जवळजवळ जुळत होते. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज कोणालाच ओळखू येत नाही, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. नवरदेवसुद्धा 'हा कोण बोलतो?' म्हणून विचारतात. पूजाने दोन-तीनदा सांगितल्यावर जमनाबाईंनी एवढंच मान्य केलं की आपण सोनीच्या मागून गुणगुणलो असू. तिने म्हणलं ते कानात आलं, तेच तोंडातून गेलं. त्यात आपलं काय?

तेव्हा मला ते वीस सेकंद आठवले.

अल्ट धरून बाण दाबत मागे गेले. चित्र गोठतं त्याच्या जरा आधीपासून लावलं. सोनाबाईंचा हात नवरीच्या डोक्यावर, तोंड अर्धं उघडं, आणि त्या थांबल्या. आवाज थांबला नाही. तो तसाच चालत राहिला. एक ओळ पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली, ती वर चढली, खाली आली. मग चित्र हललं आणि सोनाबाईंचे ओठ बरोबर पुढच्या ओळीवर येऊन मिळाले.

"याडी," मी म्हणाले, "सीडी अडकली की आवाजही अडकतो. इतका वेळ तुमच्या कानात काहीच नव्हतं. मग हे कोणी म्हटलं?"

प्लेअरमध्ये एक सोय असते. सुरुवातीला एकदा की दाबायची, शेवटी एकदा दाबायची, मग तेवढाच तुकडा गोल गोल फिरत राहतो. गाणं शिकणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. मी ती लावून दिली. थांबलेली बहीण आणि चालू असलेली बहीण. पाच वेळा फिरलं, सहा वेळा फिरलं. बाहेर दिलीपभाऊंचा फोन संपला होता आणि तेही दारात येऊन उभे राहिले होते.

"हे याडीचं कडवं हाय ना, दादी?" पूजाने हळूच विचारलं.

जमनाबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "हेच मले माह्या याडीले म्हणाचं होतं. तवा तोंडातून निघालंच नाही. मले वाटलं येतच नाही."

पूजा उठून त्यांच्या मांडीशी जाऊन बसली. मी तुकडा बंद केला नाही. दिलीपभाऊ म्हणाले, "चहा सांगतो," आणि खाली गेले. उन्हाची पट्टी केव्हाच कीबोर्डच्या पलीकडे गेली होती.

पुढचे दहा दिवस पूजाला माझ्या फाइलची गरज पडली नाही. सकाळी चुलीपाशी आणि दुपारी पलंगावर दादी म्हणायची आणि नात तिच्या मागून म्हणायची. फाइल मी तरी पेनड्राइव्हवर दिली, तडा गेलेली सीडीही परत दिली. हिचं आता काय करणार, असं मी विचारलं. पुढच्या ज्वारीत पुन्हा वावरात लावीन, जमनाबाई म्हणाल्या, सोनीला वावरातच करमायचं.

लग्नाला मी गेले नाही. शूटिंग माझ्यापर्यंत आलं. विदाईत पूजा बापाच्या गळ्यात पडली. पहिल्या दोन ओळी तिने नीट म्हटल्या आणि मग ती नुसतीच रडायला लागली. तेव्हा गर्दीतून जमनाबाई पुढे आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि राहिलेलं सगळं म्हटलं. माईक फाटला होता. जनरेटर धडधडत होता. कोणीतरी 'गाडी मागे घे' म्हणून ओरडत होतं. माझं बोट सवयीने 'एम'वर गेलं होतं. मी ते उचलून मांडीवर ठेवलं.

"विदाईले गाणं टाकलं का, ताई?" दिलीपभाऊंनी बाहेरून विचारलं.

"नाही टाकत."

"पार्टी काय म्हणन?"

"विचारलंय पार्टीला. नको म्हणाले."

आता मी प्रत्येक पार्टीला विचारते. खरं सांगायचं तर बहुतेक जण गाणंच मागतात आणि मी ते मुकाट्याने टाकते. पण मूळ आवाजाची फाइल वेगळी ठेवते. त्यापायी हार्डडिस्क सारखी भरते आणि दिलीपभाऊ कुरकुर करतात.

या धंद्यातल्या नव्या मंडळींना धडा एवढाच, की रेकॉर्डची की दाबण्याआधी आवाज कुठून घेतला जातोय ते बघावं. मी आता दोनदा बघते. त्या दुपारी एकदा जरी बघितलं असतं तर सोनाबाईंचा आवाज स्वच्छ आला असता, आणि जमनाबाई 'मले नाही येत' म्हणतच राहिल्या असत्या. तरीही बघावंच. असा योग दरवेळी येत नाही.